एक बोट जास्त

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

“तुझ्यातलं थोडं तिला दे, ती लहान आहे,” असं आई एकदा बसमध्ये म्हणाली होती. तुला आठवतं का? बस बंद पडली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सावली म्हणून नव्हती, आणि माझी बाटली मी आधीच संपवली होती. तू तुझी बाटली माझ्याकडे केलीस आणि खिडकीतून बाहेर बघत बसलीस. आई ‘थोडं’ म्हणाली होती. मी सगळं प्यायले. काल प्रयोगशाळेत पेट्या भरताना हे का आठवलं कोण जाणे.

तर माझ्या पेट्या तुमच्या वस्तीवर येताहेत. आमच्याकडचे मोजणीवाले काका घेऊन येतील. त्यांना इथे सगळे ‘मापाडी’ म्हणतात, तेही रागावत नाहीत. दर पंधरवड्याला त्यांची फेरी असेल, आपली पत्रंही तेच नेतील-आणतील. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी बसून ऐकतात आणि मधेच उत्तर देतात, त्यापेक्षा हे बरं.

मांडणी सोपी आहे. एक काळा ट्रे, त्यावर तिरकी काच, काचेच्या खालच्या कडेला पन्हळ आणि पन्हळीखाली मोठी बाटली. ट्रेमध्ये तुमच्या विहिरीचं खारं पाणी ओतायचं. उन्हाने त्याची वाफ होते, काचेला आतून घाम फुटतो, तो ओघळून बाटलीत पडतो. मीठ खाली राहतं. हे मी शोधलेलं नाही, जुनंच आहे. त्याचं दुखणंही जुनंच: ऊन गेलं की काम बंद.

माझं काम ट्रेखालच्या चपट्या पेट्यांचं. त्यांत मी एक मेण भरते. दिवसा ते वितळतं आणि वितळताना ऊन पोटात साठवून ठेवतं. संध्याकाळी परत घट्ट होऊ लागलं की तेच ऊन हळूहळू सोडतं. म्हणजे दिवे लागल्यावरही पाणी वाफाळत राहतं, आणि बाहेरून गार झालेल्या काचेवर उलट जास्तच जमतं. अंथरुणावर पडल्या पडल्या टपटप ऐकू येईल बघ. त्या टपटपीसाठी माझी एवढी वर्षं गेली, लग्न राहिलं, केस पिकले.

वस्तीतली सहा घरं निवडली आहेत, त्यात तुझं एक. पेट्या सगळीकडे सारख्याच. फक्त उघडायच्या नाहीत, सील केलेल्या आहेत. रोज सकाळी बाटलीत किती आलं तो आकडा शेजारच्या भिंतीवर खडूने लिही, मापाडीकाका उतरवून घेतील. पाणी सासूबाईंना दे, त्यांच्या मुतखड्याला गोड पाणी हवंच आहे. उरलं तर तू.

तुझी
भिंगरी

२१ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझी पेटी आली. चार माणसांनी उतरवली आणि आठ जणांनी ती कशी उतरवायची ते सांगितलं. सासूबाई खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, एवढ्या मोठ्या काचेखाली ठेवायला घरात दागिने नाहीत, म्हणून पाणी ठेवायचं.

पहिलं पाणी आलं तेव्हा मी बोट बुडवून चाखलं. काहीच चव नाही. तू शहरात आहेस, तुला यातलं सुख कळायचं नाही. इथे पाण्याला नेहमी काहीतरी चव असते. विहिरीची खारट, टँकरची गंजाची. सासूबाईंनी ग्लासभर प्यायलं, म्हणाल्या बेचव आहे, आणि दुसरा ग्लास मागितला.

बस आठवते. आईचं वाक्यही आठवतं. तू सगळं प्यायलीस ते मात्र मी विसरले होते, तूच आठवण करून दिलीस.

आता एक विचारायचंय. शेजारच्या शिंपिणीकडेही तुझीच पेटी आहे. आमची दोघींची भिंत एक, ऊन एक, विहीर एक. तिची बाटली सकाळी गळ्यापर्यंत भरलेली असते आणि माझी निम्म्याच्या थोडी वर. भिंतीपलीकडे टपटप चालू असते, माझ्याकडे दिवे लागले की सगळं गप्प. मी कान लावून बसते तेव्हा मला माझ्याच पोटातली गुरगुर ऐकू येते. सासूबाई येणाऱ्याला सांगतात, “शिंपिणीच्या पेटीला पाणी सुटतं, आमच्या पेटीला नुसता घाम.” हे घरी नाहीत ते एक बरं. मिठाचा ट्रक घेऊन गेलेत, महिनाअखेर येतील. तोवर तरी काहीतरी सुधारायला हवं.

काच मी रोज पुसते. ट्रे आठवड्याला घासते. शिंपीण तर मशीनवरून उठतही नाही, दिवस वर आला की पाणी ओतते. मग माझंच काय चुकतं? तुझ्या हातची वस्तू माझ्या हातात येऊन बिघडली असं मला वाटायला लागलंय.

तुझी
ताई

६ मार्च

प्रिय ताई,

तुझं काही चुकत नाही. घराघराचं ऊन वेगळं असतं, वारा वेगळा असतो. काच मऊ कापडाने पूस, ट्रेमध्ये पाणी दोन बोटांपेक्षा खोल ठेवू नकोस, आणि ते पहाटेच भर. आणखी काही करायची गरज नाही. पेट्या उघडायच्या नाहीत हे पुन्हा सांगते.

इकडे धावपळ आहे. जूनमध्ये आमचे साहेब ठरवणार की वस्तीतल्या चाळीसही घरांना माझ्या मेणाच्या पेट्या द्यायच्या की नाही. मेण स्वस्त नाही, म्हणून ते आकडे बघितल्याशिवाय हो म्हणणार नाहीत. सहा घरांच्या बाटल्यांवर सगळं अवलंबून आहे.

एक गंमत सांगते. मापाडीकाका आकडे वाचायला लागले आणि तुझं घर आलं की सगळे माझ्याकडे बघतात. परवा आमचा टंकलेखक म्हणाला, “बाईंचं माहेर आटलं.” आई गेल्यापासून तूच माझं माहेर, हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं. सगळे हसले. मीही हसले.

तब्येतीला जप. सासूबाईंना म्हणावं, घामसुद्धा कष्टाशिवाय येत नाही.

तुझी
भिंगरी

२० मार्च

भिंगरी,

तुझ्या टंकलेखकाला सांग, माहेर आटलेलं नाही.

गेले कित्येक दिवस माझी बाटली गळ्याला लागते. शिंपिणीच्या बाटलीच्या बरोबरीने. कधी कधी एक बोट जास्तच. काय केलं विचारू नकोस. तू सांगितलंस तेच, जरा मन लावून. शिंपीण भिंतीवरचा माझा आकडा वाचते, मग स्वतःचा वाचते आणि आत जाऊन मशीन जोरात चालवते.

सासूबाईंचा तर सूरच पालटला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ग्लासभर पाजतात. ट्रकवाले, डाकवाला, मिठाच्या आगरावरचा मुकादम. “प्या, आमच्या सुनेच्या बहिणीने उन्हातून काढलंय,” म्हणतात. काल मला त्या ‘आमची सून’ म्हणाल्या, ‘ही’ नाही म्हणाल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदाच. दुपारपर्यंत बाटली रिकामी होते, ती बात वेगळी.

टँकर आता आठवड्याऐवजी पंधरवड्याने येणार म्हणतात. सहा घरांच्या बाटल्या भरताहेत, मग पाणी कशाला वाया घालवायचं. म्हणजे तुझं कौतुकच झालं ना? माणशी एक कॅन मिळायचा, आता तोच दोन आठवडे पुरवायचा.

मी बरी आहे. चपला घट्ट होतात, उन्हाने पाय सुजत असतील. चहा सोडला. नकोसा होतो.

तुझी
ताई

७ एप्रिल

ताई,

तुझ्या घरचे आकडे मला समजेनासे झालेत. मापाडीकाकांना तुझ्या बाटलीतलं थोडं पाणी आणायला सांगितलं होतं, ते मी तपासलं. त्यात क्षार आहेत. वाफेच्या पाण्यात ते असूच शकत नाहीत, मीठ वाफेबरोबर उडत नाही. शिंपिणीच्या पाण्यात काही नाही. फक्त तुझ्यात.

याचा अर्थ एकच. एक तर तुझी पेटी कललेली आहे, नाहीतर तू ट्रे काठोकाठ भरतेस आणि विहिरीचं पाणी हिंदकळून पन्हळीत उतरतं. म्हणूनच बाटली भरते. गवंड्याला बोलावून पेटी सरळ करून घे. ताई, हे स्वयंपाकघर नाही. इथे अंदाजाने, हाताच्या सवयीने चालत नाही. तुझ्या एका घराने माझं सगळं काम उलटंपालटं केलंय. साहेब मात्र तुझे आकडे बघून खूश आहेत, आणि मला झोप नाही. का ते तुला सांगता येत नाही.

रागाने लिहिलंय असं वाटेल. घाईने लिहिलंय.

भिंगरी

२२ एप्रिल

भिंगरी,

गवंडी येऊन गेला. त्याने चारही बाजूंनी पाणसळ लावून बघितली. म्हणाला, बाई, तुमची पेटी तुमच्यापेक्षा सरळ उभी आहे. मी तेव्हा भिंतीला धरून उभी होते, म्हणून त्याने विनोद केला. हल्ली उठलं की जरा गरगरतं.

ट्रे मी काठोकाठ भरत नाही. दोन बोटं सांगितलीस, दोनच बोटं भरते. आणि आकडा मी कधी खोटा लिहिलेला नाही. सकाळी बाटलीत जेवढं असतं तेवढंच भिंतीवर असतं. खोटं लिहायला माझा हात वळायचा नाही, तुला माहीत आहे.

हे स्वयंपाकघर नाही, लिहिलंस. खरं आहे. स्वयंपाकघरात मला एवढं कुणी बोललं नसतं.

माझ्या घराने तुझं काम उलटंपालटं केलं, हे मी दोनदा वाचलं. आधी कमी भरत होती तेव्हा तुला लाज वाटत होती, आता भरते तेव्हा राग येतो. बाटलीने करावं तरी काय? तुला झोप का नाही ते मला सांगता येत नाही म्हणतेस. मलाही एक गोष्ट तुला सांगता येत नाही. आपण सख्ख्या बहिणी शोभतो.

अक्षर वाकडं आलंय. बोटं सुजली आहेत, पेन नीट धरता येत नाही. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, मीठ कमी करा. मी हसले. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

तुझी
ताई

५ मे

शिकलेल्या बाईला,

मी तुझ्या बहिणीची सासू. मला लिहिता येत नाही, शेजारची शिंपीण लिहून देते आहे. ती म्हणते जरा सौम्य सांगा. मी म्हटलं, तू शिवतेस तेव्हा मी तुला टाका सौम्य घाल म्हणते का? सांगते तसं लिही.

तुझी बहीण तालुक्याच्या दवाखान्यात आहे. चार दिवसांपूर्वी पेटीपाशीच पडली. दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत, डॉक्टर म्हणतात खारं पाणी पिऊन पिऊन. घरात टँकरचं पाणी असताना ही विहिरीचं का प्यायली, विचारतात. मला उत्तर माहीत होतं, मी दिलं नाही. तुला देते.

ती रोज पहाटे भिंतीवरून शिंपिणीची बाटली बघायची, मग आपल्या वाटणीच्या कॅनमधलं पाणी तुझ्या बाटलीत ओतायची. शिंपिणीइतकं होईपर्यंत. कधी एक बोट जास्त. मग खडूने आकडा लिहायची. आणि दिवसभर स्वतः विहिरीचं प्यायची, कारण बाटलीतलं पाणी माझं ठरलेलं, आणि तिने परत मागितलं असतं तर कळलं असतं.

मी कधी बघितलं विचारशील. मार्चातच बघितलं. मला टँकरच्या पाण्याची चव कळत नाही होय? पण लोक यायचे, ग्लासभर प्यायचे, घराचं नाव काढायचे. माझ्या उंबऱ्यात आजवर कुणी पाणी प्यायला म्हणून आलं नव्हतं. मी गप्प बसले. ते माझं पाप, माझ्याकडे राहू दे. तुझ्यात मिसळायला देत नाही.

आता तुझं. ती पडली त्या दिवशी मी पहार घेऊन ट्रेखालची तुझी एक पेटी फोडली. म्हटलं, बघू तरी असं काय सोनं आहे. आत वाळू निघाली. नुसती वाळू, काळ्या पत्र्यात बंद केलेली. मग शिंपिणीला तिची एक पेटी उघडायला लावली. तिच्यात मेण. बोटाला चिकटलं.

परक्या बाईला मेण आणि सख्ख्या बहिणीला वाळू. आम्ही अडाणी, आम्हाला यातलं शास्त्र कळत नाही. पण तुला पत्रं लिहिता येतात, तर त्यांत खरं लिहिता येत नव्हतं का?

मी तुझ्या बहिणीला सांगितलंय पेटीत काय होतं ते. तिने भिंतीकडे तोंड केलं.

भेटायला येऊ नको. आलीस तर तुला पाजायला घरात पाणी नाही.

(त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. माझा यात काही दोष नाही. मी काच खरंच रोज पुसत नव्हते. – शिंपीण)

१३ मे

ताई,

डॉक्टरांना मी फोन केला होता. ते म्हणाले, धोका टळलाय, पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी होणार नाहीत. मी येणार होते. तू डॉक्टरांकरवी ‘नको’ म्हणून निरोप दिलास.

सगळं सांगते. मेणाने किती फरक पडतो हे दाखवायचं तर बिनमेणाची घरंही लागतात, तुलनेला. मागच्या वेळी एका दुसऱ्या वस्तीवर आम्ही तीन घरांना मेणाच्या पेट्या दिल्या आणि तीन घरांना नुसते ट्रे. नुसत्या ट्रेवाल्यांना कळलं की आपलं जुनं आहे. त्यांनी काच पुसणंच सोडलं, आणि आकडे वाया गेले. म्हणून या वेळी वजनाला वाळू भरली, सारखाच काळा पत्रा लावला, आणि कुणाकडे काय आहे ते सांगायचं नाही असं ठरलं. तीन घरांत मेण, तीन घरांत वाळू.

तुझ्या घरी वाळू जावी हे मी ठरवलं. लोक म्हणतील बहिणीला चांगलं दिलं, हे एक कारण. खरं कारण दुसरं. बाटली कितीही कमी भरली तरी जी काच पुसायची सोडणार नाही, अशी बाई मला वाळूसाठी हवी होती. अशी मला एकच माहीत होती.

फेब्रुवारीत तू ‘माझं काय चुकतं’ म्हणून विचारलंस, तेव्हा एका ओळीत तुला सांगता आलं असतं. मग तू काच पहिल्यासारखी पुसली असतीस का, हा विचार मी केला. तुझा नाही केला. आणि त्याच्या उत्तरात मी तुला टंकलेखकाचा विनोद लिहून पाठवला.

आणखी एक. तुझ्या बाटलीतले क्षार विहिरीच्या मिठाशी जुळत नव्हते. शेवटी टँकरचं पाणी मागवून तपासलं, ते जुळलं. तुझ्या सासूबाईंचं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं की तू बाहेरून पाणी ओततेस. कळलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं. वाळूने मेणाला हरवलं नव्हतं, माझं काम खोटं नव्हतं. मग मनात आलं, ही एवढं पाणी आणते कुठून? मग तू आठवलीस. याच क्रमाने, ताई. तुझ्याशी आता खोटं लिहायचं नाही म्हणून क्रमही लिहिते.

भिंगरी

२६ मे

भिंगरी,

घरी आले. पाणी मोजून प्यायचं, मीठ नाही, जड उचलायचं नाही. हे आलेत, ट्रक उभा आहे. रोज शिंपिणीकडून आमच्यासाठी पाणी आणतात. ती नाही म्हणत नाही. तिच्या दोन पेट्या अजून शाबूत आहेत.

वाळूचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तुला वाटेल मी मोठेपणा करते आहे. तसं नाही. वाईट याचं वाटलं की तू मला इतकी नीट ओळखतेस. काच पुसायची मी सोडणार नाही हे तुला ठाऊक होतं. बाटली कमी भरलेली मला बघवणार नाही, हे कसं ठाऊक नव्हतं? अर्धंच ओळखलंस, आणि तेवढ्या अर्ध्यावर सगळा प्रयोग मांडलास.

भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा ती बस आठवत होते. तुला वाटतं मी तुझी तहान बघून बाटली दिली. मी आईकडे बघत होते. आई बघते आहे ना, ते बघत होते. मला पाण्यापेक्षा ते जास्त हवं होतं. देणाऱ्याचा पण एक माज असतो गं. शिंपिणीपेक्षा एक बोट जास्त ओतताना तोच होता. बरोबरी करूनही थांबता आलं असतं.

आता बातमी. तुझे साहेब जूनची वाट न बघता येऊन गेले. दोन गाड्या, पाच माणसं. फुटक्या पेटीतली वाळू हातात घेऊन म्हणाले, “बघा, ही फुकटची वाळू महागड्या मेणाला भारी पडली.” माझा फोटो काढला, खुर्चीत बसवून. वस्तीतल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की ऑगस्टात चाळीसही घरांना वाळूच्या पेट्या मिळतील, आणि त्या बसल्या की टँकर बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपिणीने नाही वाजवल्या. सासूबाई आत निघून गेल्या.

मी सुजलेल्या तोंडाने काय सांगणार होते, की हे पाणी वाळूचं नाही, माझं होतं? त्यांनी त्याचाही आकडा मागितला असता.

तुझं तू बघ.

ताई

६ जून

ताई,

मी साहेबांना सगळं सांगितलं. तुझ्या सासूबाईंचं पत्र वाचून दाखवलं, टँकरच्या पाण्याची तपासणी पुढे ठेवली, प्रयोगशाळेच्या गच्चीवर मेण आणि वाळू शेजारी ठेवून घेतलेले माझे आकडे ठेवले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, “बाई, गोष्ट हृदयद्रावक आहे. पण गोष्ट आहे. गच्ची म्हणजे वस्ती नव्हे. आणि मेण हरल्यावरच तुम्हाला बहिणीचं दुखणं आठवलं, असं कुणी म्हणालं तर मी काय सांगू?” बाहेर टंकलेखक बसला होता. तो माझ्याकडे बघून हसला नाही, तेव्हा मला कळलं की तोही तेच म्हणतो आहे.

दुसऱ्या दोन वाळूच्या घरांचे आकडे कमीच होते, ते दाखवले. ते म्हणाले, तिथल्या बायकांनी हयगय केली असेल. चांगली पुसलेली काच एकाच घरी होती, आणि तिथे वाळू जिंकली.

मी म्हटलं, ऑगस्टात वाळू बसवून तुम्ही टँकर बंद केलात तर चाळीस घरं विहिरीचं पाणी पितील. माझी बहीण पीत होती तसं. मी इतकं बोलले तेव्हा त्यांनी एक वाट दिली. म्हणाले, “ज्या घराने आकडा वर चढवला, त्याच घराने तो खाली आणून दाखवावा. तीच बाई, त्याच पेट्या, एक महिना. मग मी मेणाचा विचार करेन.” दुसरं घर चालणार नाही. मी येऊन मोजलेलंही चालणार नाही, बहिणीच्या घरी बहिणीने मोजायचं नाही. मापाडीकाका पंधरवड्यानेच येणार. मधल्या सगळ्या सकाळी तू एकटी.

मी बाहेर आले आणि ठरवलं की तुला हे लिहायचं नाही. तीन दिवस लिहिलं नाही. रोज प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी भरताना ती चाळीस घरं डोळ्यांसमोर येतात. तू नाही येत. तू भिंतीकडे तोंड करून असतेस.

तर मागते. मापाडीकाकांबरोबर नवी पेटी पाठवते आहे, फुटलेल्या पेटीच्या जागी. वाळूचीच आहे. हे या वेळी आधी सांगते. तुझ्या पिण्यासाठी कॅन पाठवते, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, महिनाभराचं. ते पाणी घरात अगदी आत ठेव, पेटीपासून लांब. काच पुसायला जमलं नाही तर भाऊजींना सांग, पण पुसली जाऊ दे. पहाटे भिंतीपलीकडे बघू नकोस. शिंपिणीची बाटली गळ्यापर्यंत येईल, तुझी निम्म्यावर राहील. सासूबाई टोमणे मारतील, वस्ती म्हणेल, फोटो काढून घेतला आणि आता बघा. ऐकून घे. खडूने तो कमी आकडा भिंतीवर लिही आणि बाटली तशीच अर्धी राहू दे.

आई म्हणाली होती, तुझ्यातलं थोडं तिला दे. मी त्याच्या उलट मागते आहे, आणि तू आजवर ज्या कशाला नाही म्हणाली नाहीस त्या सगळ्यापेक्षा हे तुला जड जाणार, हे मला ठाऊक आहे. एक महिनाभर, ताई, तुझ्यातलं एक बोटभरसुद्धा मला देऊ नकोस.

भिंगरी